नऊ वाफ्यांचे गणित

कुंडलिका नदीच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला नवीन जालना. नवीन जालन्याच्या बाजारात आज बहुतेक दुकानांच्या गल्ल्याजवळ क्यूआर कोडचा चौकोन चिकटवलेला दिसतो. किराणा दुकानात त्यावर हळदीचे बोट उमटलेले असते, हार्डवेअरच्या दुकानात ग्रीसचा डाग असतो, रसवंतीवर पाणी लागून कागद फुगलेला असतो. तरीही गिऱ्हाईक मोबाइल समोर धरते आणि क्षणात दुकानदाराचे नाव पडद्यावर येते. डागाखालचे ठिपके मोबाइलला दिसलेलेच नसतात. मग तिथला मजकूर त्याने आणला कुठून?

याचे उत्तर कोडिंग थिअरी, म्हणजे संकेतशास्त्र या गणिताच्या शाखेत आहे. संकेत म्हटले की गुप्त लिपी आठवते, पण इथे काहीच लपवायचे नसते. मजकूर वाटेत बिघडला तरी घेणाऱ्याला तो मूळ रूपात मिळावा, एवढाच हेतू असतो. हे गणित जालन्यात बसून समजून घेणे मला फार योग्य वाटते, कारण त्याची एक वाट बियाण्यांच्या चाचणीच्या वाफ्यांतून जाते आणि जालना हे बियाण्यांचे गाव आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच वाटेवर पुढे एक मराठी गणितज्ञ भेटतात, शरदचंद्र शंकर श्रीखंडे. आपण वाफ्यापासून निघू आणि सावकाश क्यूआर कोडपर्यंत पोचू.

चूक कळणे आणि चूक सुधारणे

मोंढ्यात फोनवर भाव सांगताना व्यापारी नुसते ‘पन्नास’ म्हणून थांबत नाही. ‘पन्नास, पाचावर शून्य’ असे म्हणतो. चेकवर रक्कम आकड्यांत लिहितात आणि पुन्हा अक्षरीही लिहितात. दोन्ही ठिकाणी गरजेपेक्षा थोडे जास्त सांगितले जाते आणि ते जास्तीचे सांगणेच चुकीपासून वाचवते.

पण चेकवरचे आकडे आणि अक्षरे जुळली नाहीत, तर चूक झाली एवढेच कळते. खरी रक्कम कोणती, हे नुसत्या गणिताने ठरत नाही. ते ठरवायचे तर तीनदा लिहावे लागेल, म्हणजे दोन सारखे निघाले की तिसरा चुकीचा. या हिशेबाने दोन अंकांचा निरोप पाठवायला सहा अंक लागतात. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये आणि रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये जे लेख लिहिले, त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न होता: जास्तीचे अंक कमीत कमी ठेवून चूक सुधारता येईल का? येते. दोन अंकांसाठी सहाऐवजी चारच अंक पुरतात. कसे, ते शेतात पाहू.

तीन वाण, तीन खते, नऊ वाफे

समजा, कपाशीचे तीन वाण तपासायचे आहेत. त्यांना ०, १, २ अशी नावे देऊ. शेत सगळीकडे सारखे नसते. नाल्याकडची जमीन ओल धरते, बांधाकडची मुरमाड असते, एका कडेला पाणी आधी पोचते. एक वाण सगळा नाल्याकडेच लावला आणि तो जोमदार आला, तर गुण वाणाचा की जमिनीचा, हे कळणार नाही. म्हणून शेताचे तीन आडव्या आणि तीन उभ्या ओळींत नऊ वाफे पाडायचे. प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या ओळीत एकदाच आणि प्रत्येक उभ्या ओळीत एकदाच येईल, अशी पेरणी करायची. या मांडणीला लॅटिन चौरस म्हणतात. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात ती शेतीच्या प्रयोगांत रुळवली.

मांडणीचा नियम सोपा आहे. आडव्या आणि उभ्या ओळींनाही ०, १, २ असे क्रमांक द्या. वाफ्याच्या दोन्ही क्रमांकांची बेरीज करा आणि तिला ३ ने भागून उरलेली बाकी घ्या. तो त्या वाफ्याचा वाण.

० १ २
१ २ ०
२ ० १

आता खतांच्या तीन मात्राही तपासायच्या आहेत. त्यांनाही ०, १, २ म्हणू. त्यांचा नियम थोडा वेगळा: आडव्या ओळीच्या क्रमांकात उभ्या ओळीच्या क्रमांकाची दुप्पट मिळवा आणि ३ ने भागून बाकी घ्या.

० २ १
१ ० २
२ १ ०

हे दोन चौरस एकावर एक ठेवून पाहा. वाण ० ला एका वाफ्यात खत ० मिळते, दुसऱ्यात १, तिसऱ्यात २. वाण १ आणि २ यांचेही तसेच. वाण आणि खत यांच्या नऊ जोड्या होऊ शकतात आणि नऊ वाफ्यांत त्या नऊही एकेकदाच आल्या आहेत. असे जुळणारे दोन लॅटिन चौरस एकमेकांना लंब आहेत, असे गणितात म्हणतात. शेतकऱ्याचा फायदा असा की जमिनीचा, वाणाचा आणि खताचा परिणाम एकाच प्रयोगातून वेगवेगळा काढता येतो.

वाफ्याचा पत्ता हाच संकेत

आता प्रत्येक वाफ्याचा चार अंकी पत्ता लिहू: आधी आडवी ओळ, मग उभी ओळ, मग वाण, मग खत. नऊ वाफ्यांचे नऊ पत्ते असे होतात:

००००, ०११२, ०२२१
१०११, ११२०, १२०२
२०२२, २१०१, २२१०

या यादीचा गुण नीट पाहायला हवा. चार गोष्टींपैकी कोणत्याही दोन कळल्या, तर वाफा पक्का ठरतो. आडवी आणि उभी ओळ कळली तर वाफा कळलाच. आडवी ओळ आणि वाण कळले तरी कळतो, कारण एका ओळीत एक वाण एकदाच आहे. वाण आणि खत कळले तरी कळतो, कारण प्रत्येक जोडी एकदाच आली आहे. म्हणून दोन वेगळ्या वाफ्यांचे पत्ते जास्तीत जास्त एका जागी जुळू शकतात. दोन जागी जुळले असते तर तो एकच वाफा ठरला असता. याचा अर्थ, यादीतले कोणतेही दोन पत्ते चारपैकी किमान तीन जागी वेगळे असतात. या फरकाला हॅमिंग यांच्या नावावरून हॅमिंग अंतर म्हणतात.

चूक सुधारण्याची ताकद या अंतरातच आहे. मला ‘१२’ हा निरोप पाठवायचा आहे. १ ही आडवी ओळ आणि २ ही उभी ओळ धरून मी त्या वाफ्याचा पूर्ण पत्ता पाठवतो: १२०२. वाटेत तिसरा अंक बिघडला आणि तुम्हाला १२१२ मिळाले. तुम्ही यादी उघडता. १२१२ त्यात नाही, म्हणजे चूक झाली आहे. मग सगळ्यांत जवळचा पत्ता शोधता. १२०२ एकाच जागी वेगळा आहे, बाकीचे सगळे दोन किंवा अधिक जागी. म्हणजे निरोप ‘१२’. कोणता अंक बिघडला, हे तुम्हाला कुणी सांगितले नव्हते. तेही यादीनेच सांगितले. एक अंक चुकला तरी पत्ता आपल्या घरापासून एकच पाऊल दूर जातो आणि दुसरे प्रत्येक घर अजून किमान दोन पावले लांब असते.

हिशेब किती चोख आहे तेही पाहा. ०, १, २ वापरून चार अंकी शब्द एकूण ८१ होतात. प्रत्येक पत्त्याभोवती एका चुकीने होणारे ८ शब्द असतात, चार जागा आणि प्रत्येक जागी दोन चुकीचे अंक. पत्ता स्वतः धरून ते ९ झाले. नऊ पत्त्यांचे नऊ नवे ८१. एकही शब्द दोघांच्या वाट्याला येत नाही आणि एकही बिनघराचा राहत नाही. अशा संकेताला गणितज्ञ परिपूर्ण म्हणतात आणि असे संकेत फार थोडे आहेत.

सहा आणि दहा इथे अडचण का येते

तीनऐवजी पाच किंवा सात अंक घेतले, तरी हाच नियम चालतो. रोजच्या व्यवहारात मात्र दहा अंक असतात आणि दहाने भागून बाकी घ्यायला गेलो की दुसरा चौरस मोडतो. कारण साधे आहे. उभ्या ओळीच्या क्रमांक ० ची दुप्पट ० आणि क्रमांक ५ ची दुप्पट १०, म्हणजे बाकी पुन्हा ०. एकाच आडव्या ओळीत तेच खत दोनदा येते. ३, ५, ७ या मूळ संख्या आहेत, म्हणून तिथे दोन शून्येतर संख्यांचा गुणाकार कधी शून्य होत नाही आणि भागाकारही सुरळीत होतो. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार असे बिनधोक चालणाऱ्या संख्यासमूहाला बीजगणितात फील्ड म्हणतात. फ्रान्सच्या एवारिस्त गाल्वा यांनी १८३० मध्ये दाखवले की ४, ८, ९ अशा मूळ संख्यांच्या घातांसाठीही फील्ड बांधता येते. तिथे बेरीज-गुणाकाराचे नियम वेगळे आखावे लागतात. ६ आणि १० यांच्यासाठी ते कोणत्याही रीतीने बांधता येत नाही.

फील्ड नसले तर परस्परलंब चौरसही नसतात का? सहाच्या चौरसांचा प्रश्न लिओनार्ड ऑयलर यांनी १७८२ मध्ये छापलेल्या लेखात मांडला होता. सहा पलटणी, प्रत्येकीत सहा हुद्द्यांचे सहा अधिकारी, असे ३६ जण. त्यांना सहा बाय सहाच्या चौकोनात असे उभे करायचे की प्रत्येक ओळीत, आडव्या आणि उभ्या, प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच यावा. ऑयलर यांना ते जमले नाही. त्यांनी भाकीत केले की ६, १०, १४, १८, म्हणजे चारने भागून दोन उरणाऱ्या कोणत्याही संख्येला हे जमणार नाही. १९०० मध्ये गास्ताँ तारी यांनी सगळ्या शक्यता तपासून सहाबाबत ऑयलर यांचे म्हणणे सिद्ध केले. दहाचे काय, हे पुढे अनेक वर्षे कुणाला ठरवता आले नाही.

श्रीखंडे यांचे काम

शरदचंद्र श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ चा, मध्य प्रदेशातल्या सागरचा. शिक्षण नागपूरला. पुढे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात राजचंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९५० मध्ये डॉक्टरेट मिळवली. विषय होता प्रयोगांच्या मांडणीचा. कोणते वाण कोणत्या वाफ्यात घालावे, या शेतातल्या प्रश्नातूनच तो विषय वाढला होता.

१९५९ मध्ये बोस आणि श्रीखंडे यांनी २२ बाय २२ चे दोन परस्परलंब चौरस रचून दाखवले. २२ ला चारने भागले की दोन उरतात, म्हणजे ऑयलर यांचे भाकीत तिथेच कोसळले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या अर्नेस्ट पार्कर यांनी दहाची जोडी रचली. मग तिघांनी मिळून सिद्ध केले की २ आणि ६ सोडल्यास अशी जोडी प्रत्येक संख्येला सापडते. पावणेदोनशे वर्षे टिकलेले भाकीत मोडले. २६ एप्रिल १९५९ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली.

आपल्या वाफ्यांच्या भाषेत याचा अर्थ असा: ० ते ९ हे नेहमीचे दहा अंक वापरून १०० वाफ्यांचे १०० चार अंकी पत्ते लिहिता येतात आणि एका अंकाची चूक त्यांत आपोआप सुधारते. सहा चिन्हांना हे जमत नाही, कारण तारी यांनी सहाची जोडी नाही हे दाखवले आहे. चौरस आणि संकेत यांचे हे नाते सॉलोमन गोलोंब आणि एडवर्ड पोस्नर यांनी १९६४ मध्ये व्यवस्थित मांडले. बोस आणि श्रीखंडे यांनी तर १९५९ मध्येच संकेतरचनेवर एक लेख लिहिला होता. बोस यांनी द्विजेंद्रकुमार रायचौधुरी यांच्यासह १९६० मध्ये रचलेले संकेत आज बीसीएच संकेत म्हणून जगभर शिकवले जातात. त्यातला ‘बी’ बोस यांचा आणि ‘सी’ चौधुरी यांचा. ‘एच’ फ्रान्सच्या ऑकेंगेम यांचा, ज्यांना तेच संकेत स्वतंत्रपणे सापडले होते.

श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात आले, तिथला गणित विभाग त्यांनी उभा केला आणि १९७८ मध्ये निवृत्त झाले. २१ एप्रिल २०२० रोजी वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या विषयातला एक प्रश्न अजून उघडा आहे: दहा बाय दहाचे असे तीन चौरस असू शकतात का, ज्यांतले कोणतेही दोन परस्परलंब आहेत? याचे उत्तर अजून कुणालाही सापडलेले नाही.

वाफ्यातून रेषेकडे

आता शेवटचा टप्पा. आपले दोन नियम पुन्हा पाहा: ‘आडवी + उभी’ आणि ‘आडवी + दोनदा उभी’. आडव्या ओळीचा क्रमांक ही एका रेषेची सुरुवात माना आणि उभ्या ओळीचा क्रमांक हा तिचा चढ. मग वाण म्हणजे एक पाऊल पुढे गेल्यावर त्या रेषेची उंची आणि खत म्हणजे दोन पावले पुढची उंची. प्रत्येक निरोप ही एक रेषा झाली. दोन वेगळ्या रेषा एकाच बिंदूत छेदू शकतात. म्हणून तर दोन पत्ते एकापेक्षा जास्त जागी जुळत नव्हते. शेतातला नियम आणि शाळेतली भूमिती इथे एकच होतात.

१९६० मध्ये अमेरिकेत अर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी रेषेच्या जागी बहुपदी घेतली. निरोपात दोन अंक असले तर रेषा पुरते, २८ असले तर २७ व्या घातापर्यंतची बहुपदी घ्यायची. अशा दोन वेगळ्या बहुपदी जास्तीत जास्त २७ बिंदूंत जुळू शकतात. बहुपदीची किंमत ४४ बिंदूंवर काढून पाठवली, तर कोणतेही दोन संकेत किमान १७ जागी वेगळे राहतात आणि ८ चुका झाल्या तरी खरा संकेतच सर्वांत जवळचा असतो. अंतर तीनचे होते तेव्हा एक चूक सुधारत होती, सतराचे झाले की आठ सुधारतात.

हे आकडे मी मुद्दाम निवडले आहेत. जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांसाठी क्यूआर कोड तयार केला. त्याच्या २५ बाय २५ घरांच्या आकारात मजकुराचे आणि तपासणीचे मिळून ४४ बाइट मावतात. मध्यम संरक्षण निवडले, तर त्यांतले २८ मजकुराचे आणि १६ तपासणीचे. सर्वोच्च संरक्षण निवडले तर मजकुराला १६ आणि तपासणीला २८. मग ४४ पैकी १४ बाइट चुकले तरी चालतात. एका बाइटच्या २५६ किमती होतात आणि २५६ हा दोनचा आठवा घात आहे, म्हणून गाल्वा यांच्या रीतीने त्याचे फील्ड बांधता येते. तपासणीचे बाइट काढण्याची क्यूआर कोडची पद्धत वर सांगितली तशीच नसते, ती याच बीजगणिताची दुसरी मांडणी आहे. हमी मात्र तीच.

मोबाइल सगळे संकेत एकेक करून तपासत नाही. तेवढा वेळ कुणाकडेच नाही. मिळालेल्या बाइटांवरून तो काही समीकरणे मांडतो. चूक नसेल तर त्यांची उत्तरे शून्य येतात. शून्य न आल्यास त्या उत्तरांतूनच चुकीच्या जागा आणि मग चुकीच्या किमती निघतात. एल्विन बर्लेकँप आणि जेम्स मॅसी यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी यासाठी जलद रीत शोधली. म्हणून हळदीचा डाग मोजून, वजा करून, दुकानदाराचे नाव दाखवायला क्षण पुरतो.

हे गणित काय करू शकत नाही

दुकानदारांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, क्यूआर कोडच्या तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन या संरक्षणात येत नाहीत. कोड कुठे आहे आणि कोणत्या बाजूने वाचायचा, हे मोबाइलला त्यांवरूनच कळते. तिथला एखादा कोपरा फाटला तर मजकूर शाबूत असूनही वाचन अडू शकते. चौकोन नसलेला चौथा कोपरा फाटला तर बहुधा निभावते. दुसरी, मधोमध छापलेले चित्र किंवा बोधचिन्ह हीसुद्धा गणिताच्या दृष्टीने चूकच असते. चित्र मोठे केले की डागांसाठी राखलेली सवलत तेवढी कमी होते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. हे गणित अपघातापासून वाचवते, लबाडीपासून नाही. कुणी रात्रीतून आपला कागद तुमच्या कागदावर चिकटवला, तर तो कोडही तितक्याच अचूकपणे वाचला जाईल. म्हणून पैसे पाठवण्याआधी पडद्यावर आलेले नाव वाचणे, हे काम माणसाकडेच राहते.

आता एक काम तुमच्यासाठी. नऊ पत्त्यांची यादी समोर घ्या. समजा तुम्हाला २२२२ हा शब्द मिळाला आहे. दिसायला तो अगदी नीटस आहे, पण यादीत नाही. प्रत्येक पत्त्याशी एकेक अंक ताडून पाहा. २०२२ फक्त दुसऱ्या जागी वेगळा निघतो आणि बाकी सगळे दोन किंवा अधिक जागी. म्हणजे वाटेत दुसरा अंक बिघडला होता. खरा वाफा शेवटच्या आडव्या ओळीतला पहिला, वाण २ आणि खत २. हे पाच मिनिटांत कागदावर जमले, तर नवीन जालन्यातल्या गल्ल्याशेजारी मोबाइल दिवसभर जे काम करतो, तेच तुम्ही हाताने केले आहे.